परभाषेच्या वर्गातले मूल



आज मी आपल्याशी एका जपानी मुलाविषयी बोलणार आहे. इंग्रजी बोलणाऱ्या वर्गात येऊन पडलेल्या, इंग्रजीची चारच अक्षरे ओळखणाऱ्या एका आठ वर्षांच्या मुलाविषयी. आपण म्हणाल, "बाई, आमच्या गावात जपानी मूल कुठून येणार? आणि त्याचं आम्हाला काय?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मी शेवटी देणार आहे. तोवर एवढेच सांगते, की गोष्ट दूरदेशीची असली तरी तिच्यातले मूल आपल्या ओळखीचे आहे.

मी मूळची जिल्हा परिषदेच्या शाळेतली शिक्षिका. पुढे यजमानांच्या नोकरीमुळे काही वर्षे अमेरिकेत राहण्याचा योग आला. तेथे एका प्राथमिक शाळेत परभाषिक मुलांना मदत करण्याचे काम मला मिळाले. सप्टेंबरचा महिना होता. तिकडे शाळा त्या सुमारास सुरू होतात. जपानात मात्र शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होऊन मार्चमध्ये संपते. म्हणजे हा मुलगा आपल्या देशातली तिसरी अर्धवट सोडून आला होता आणि येथे पुन्हा तिसरीच्या पहिल्या दिवशी उभा होता. वडिलांची बदली झाली, घर उचलले आणि विमानात बसले. त्याला कोणी विचारले नव्हते.

वर्गाच्या दाराशी येऊन तो थबकला आणि खाली वाकून बूट सोडू लागला. सगळी मुले हसली. जपानातल्या शाळांत बाहेरचे बूट दाराशी काढून ठेवतात आणि आतले वेगळे घालतात. त्याने जे योग्य तेच केले होते. पण ते योग्य आहे हे त्या वर्गात कोणालाच ठाऊक नव्हते. त्या दिवशी मुलगा जो गप्प झाला, तो पुढे कितीतरी महिने बोलला नाही.

श्रोतेहो, अशा प्रसंगी मला एक जुनी हकीकत आठवते. जपानी मुलगा इंग्रजी शाळेत बसल्याच्या पहिल्या काही घटनांपैकी ती एक आहे. जपानच्या तोसा प्रांतात मांजिरो नावाचा एक कोळ्याचा पोर होता. जन्म १८२७ सालचा. घरची गरिबी, शाळेचे तोंड पाहिलेले नाही. १८४१ साली, चौदाव्या वर्षी, तो चार सोबत्यांबरोबर मासेमारीला गेला. वादळात नाव भरकटली आणि ते एका ओसाड बेटाला लागले. काही महिन्यांनी एका अमेरिकन जहाजाने त्यांना उचलले. त्या काळी जपानची दारे परक्यांना बंद होती, म्हणून त्यांना घरी पोचवता येईना. बाकीचे हवाई बेटांवर राहिले. मांजिरोला जहाजाचे कप्तान विल्यम व्हिटफील्ड यांनी आपल्या गावी, मॅसॅच्युसेट्समधल्या फेअरहेवन येथे, १८४३ साली नेले.

आता बघा, सोळा वर्षांचा दांडगा मुलगा आणि त्याला मुळाक्षरे गिरवायची! गावातल्या एका शिक्षिकेने त्याला पहिले धडे दिले. मग तो गावच्या दगडी शाळेत आपल्याहून लहान मुलांत बसला. पुढच्याच वर्षी गणित आणि नौकानयन शिकवणाऱ्या शाळेत गेला. हे सगळे गोडीगुलाबीने झाले असे मात्र नाही. कप्तानसाहेब त्याला घेऊन आपल्या नेहमीच्या चर्चमध्ये गेले, तेव्हा या मुलाने कुटुंबाच्या बाकावर बसू नये, काळ्या लोकांसाठी राखलेल्या जागी बसावे, असे त्यांना सांगण्यात आले. कप्तानांनी वाद घातला नाही. त्यांनी चर्चच बदलले. मुलाला आपल्या शेजारी बसवून घेईल अशी जागा त्यांनी शोधली.

पुढे मांजिरो १८५१ साली मायदेशी परतला. जपानने दारे उघडली तेव्हा इंग्रजी जाणणारा माणूस म्हणून त्याची किती किंमत झाली! १८६० साली जपानी जहाज पॅसिफिक ओलांडून अमेरिकेला गेले, त्यावर दुभाषा म्हणून तो होता. त्याने इंग्रजी शिकवले आणि नौकानयनाचा ग्रंथ जपानीत आणला. पण मला या हकीकतीतला मोठा माणूस वाटतो तो कप्तान. परक्या मुलाला शिकवण्याआधी त्याला बसायला जागा द्यावी लागते, हे त्याला न शिकवता समजले होते. धडा नंतर, जागा आधी.

आमच्या मुलाला जागा मिळाली होती, पण ती शेवटच्या बाकावर, खिडकीशेजारी. "बिचाऱ्याला काही समजत नाही, पुढं बसवून काय करायचं? तिथं निवांत बसेल," असा सगळ्यांचा चांगला हेतू. मीही मान डोलावली. ही आमची पहिली चूक. ज्याला भाषा येत नाही त्याला कानापेक्षा डोळ्यांचा आधार जास्त. बाई पुस्तक उघडतात, सगळे पुस्तक उघडतात. एक जण हात वर करतो, उठून पाणी प्यायला जातो. हे सगळे पाहून ते मूल वर्ग वाचत असते. त्याला मागे टाकले की त्याचा तेवढाही आधार तुटतो.

आता हे मूल बरोबर काय घेऊन आले होते, ते पाहू. आपण नेहमी म्हणतो, त्याला काही येत नाही. वास्तविक त्याला पुष्कळ येत होते. जपानीत दोन अक्षरमाला आहेत, प्रत्येकीत मूळ अक्षरे ४६. शिवाय चिनी वळणाची चित्राक्षरे. पहिलीत ८० आणि दुसरीत १६०, अशी दोनशे चाळीस चित्राक्षरे या वयाच्या मुलाने गिरवलेली असतात. प्राथमिकच्या सहा वर्षांत एकूण १,०२६ शिकायची. नवापर्यंतचे पाढे तिकडे दुसरीतच तालावर म्हणून पाठ करतात, आपल्याकडे करतात तसेच. म्हणजे गणितात तो वर्गाच्या पुढेच होता. तो वर्गात मुका दिसत होता तो इंग्रजीपुरता, इतकेच.

आणि मजा अशी, की मराठी माणसाला जपानी भाषा वाटते तितकी परकी नाही. आपण म्हणतो, "मी पाणी पितो." जपानी म्हणतो, "वाताशी वा मिझु ओ नोमिमासु." वाताशी म्हणजे मी, मिझु म्हणजे पाणी, नोमिमासु म्हणजे पितो. क्रम अगदी आपलाच, क्रियापद शेवटी. आईचे पुस्तक म्हणायचे तर "हाहा नो होन". हाहा म्हणजे आई, नो म्हणजे आपले चा-ची-चे, होन म्हणजे पुस्तक. इंग्रजीत मात्र "मी पितो पाणी" असा क्रम. तेव्हा जपानी मूल इंग्रजी बोलताना अडखळते ते नुसते शब्द नाहीत म्हणून नव्हे. मनात तयार झालेले वाक्य त्याला तोडून पुन्हा जुळवावे लागते. इंग्रजी शिकताना आपल्यालाही हेच करावे लागले होते, आठवते ना?

आणखी एक सांगते. जपानी अक्षरांची ओळ कशी म्हणतात? स्वर आ, इ, उ, ए, ओ. आणि मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. ऐकलेत? आपल्या वर्णमालेचीच चाल! बौद्ध भिक्षूंनी संस्कृत मंत्र लिहिण्याची सिद्धम् लिपी तिकडे नेली, तिच्या अभ्यासातून हा क्रम बसला. ज्या दिवशी मी त्या मुलाला ही ओळ म्हणून दाखवली, त्या दिवशी त्याने प्रथमच मान वर करून माझ्याकडे नीट पाहिले.

जपानीत बहुतेक अक्षरे स्वरान्त असतात. त्यामुळे इंग्रजी जोडाक्षर आले की मधे स्वर शिरतो. मिल्कचे "मिरुकु" होते, आइस्क्रीमचे "आइसुकुरीमु". ल आणि र यांत ते भेद करीत नाहीत. याला हसायचे कारण नाही. आपल्याकडे आजही स्कूलचे "इस्कूल" आणि स्टेशनचे "ठेसन" होते. जीभ जशी वळते तशी वळते. काही इंग्रजी शब्द जपानीत गेले आणि अर्थ बदलून बसले, ते जास्त घोटाळा करतात. "मॅनशन" म्हणजे इंग्रजीत वाडा, जपानीत इमारतीतले साधे बिऱ्हाड. मुलगा म्हणाला, "मी मॅनशनमध्ये राहतो," तर मुलांना वाटले, पोर बढाया मारते.

आता माझ्या स्वतःच्या चुकीची गोष्ट सांगते. ती सांगायला अवघड आहे, पण त्याशिवाय हे भाषण पुरे होणार नाही.

ऑक्टोबरमध्ये त्याने गणिताचा कागद सोडवून दिला. दहाही उदाहरणे बरोबर. मला आनंद झाला. मी तांबडी पेन्सिल घेतली आणि प्रत्येक उत्तरापुढे बरोबरची खूण केली, आपण करतो तशी, शेपूट वर गेलेली. दहा खुणा केल्या आणि हसून कागद त्याच्या हातात दिला. त्याने कागदाकडे पाहिले. चेहरा पडला. कागदाची घडी घालून त्याने ती दप्तराच्या तळाशी सारली. दुसऱ्या दिवशी मी पाहते तो, त्याने बरोबर उत्तरे लिहून खोडली आहेत आणि तेथे भलतीच लिहिली आहेत. मी साहजिकच खूण केली नाही, नुसते गोल करून "पुन्हा बघ" अशा अर्थाने परत दिले. तर तो खुलला! असे चार दिवस चालले. मला वाटू लागले, मुलाचे गणित कच्चे दिसते, किंवा तो हट्टी असावा. वर्गाच्या बाईंना मी तसे बोलूनही गेले.

पाचव्या दिवशी त्याची आई आली. मोबाईलवरच्या भाषांतराच्या सोयीने तिने एकेक वाक्य दाखवले. "मुलगा रात्री रडतो. आम्ही घरी गणिते तपासली. ती बरोबर होती. आपण सगळी चूक का दिलीत?" मी कागद पुढे ओढला. तिने माझ्या खुणेवर बोट ठेवले आणि मान हलवली. मग पेन घेऊन तिने शेजारी एक वाटोळे काढले आणि हसली. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जपानी शाळांत बरोबरला गोल करतात. फारच छान असेल तर गोलाभोवती फुलाच्या पाकळ्या काढतात. आणि आपली ही तिरकी खूण तिकडे चुकीसाठी वापरतात.

बंधुभगिनींनो, दहापैकी दहा मिळवणाऱ्या मुलाला मी दहा वेळा "चूक" म्हणाले होते, आणि तेही हसून! आपल्याला जे येते तेही इथे चूकच ठरते, असे त्याच्या मनाने घेतले. आणखी महिनाभर आई आली नसती तर? "गणितात मंद" असा शेरा त्याच्या नावापुढे लागला असता, आणि तो मी लावला असता. मी त्या मुलाची क्षमा मागितली. त्याच्या दहाही उत्तरांभोवती गोल काढले. पण चार दिवसांत जे मोडले ते जोडायला मला चार महिने लागले.

तेव्हापासून मी शिकले, की शब्द कळत नाहीत हे सर्वांना दिसते, पण खुणा कळत नाहीत हे कोणाला दिसत नाही. जपानी माणूस "इकडे ये" म्हणताना तळवा खाली करून बोटे हलवतो. अमेरिकन मुलांना ते "जा" वाटते. "मी" म्हणताना तो नाकाकडे बोट दाखवतो. मोठे माणूस बोलत असता त्याच्या डोळ्याला डोळा भिडवत नाही. आपल्याकडेही खेड्यापाड्यांत लेकरे अशीच मान खाली घालतात, पण तिकडच्या शिक्षकाला वाटते, हा लपवतो आहे. "हाय" म्हणजे हो. पण पुष्कळदा त्याचा अर्थ नुसता "ऐकतो आहे" एवढाच असतो. शिक्षक विचारतात, "समजलं?" मूल म्हणते, "हाय." शिक्षक पुढे जातात, आणि मूल तेथेच राहते. बरे, कोणी विचारले, "तुझ्याकडे पेन्सिल नाही?" तर आपण मराठीत म्हणतो, "हो, नाही." जपानीतही तसेच. इंग्रजीत तेथे "नाही" म्हणावे लागते. मुलाने "येस" म्हटले, आणि बाईंना वाटले पेन्सिल आहे. तो तासभर पेन्सिलीवाचून बसला.

आता मुकेपणाविषयी. परक्या भाषेत आलेले मूल काही काळ बोलत नाही. कोणी काही आठवडे, कोणी काही महिने. तो काळ रिकामा नसतो. माझे माहेर भातशेतीचे. तरवा उपटून लावणी केली की रोप आठ-दहा दिवस पिवळे पडते, मान टाकते. नवखा माणूस म्हणतो, गेले पीक. शेतकरी मात्र घाबरत नाही. मूळ धरले की नाही हे पाहायला तो रोप उपटत नाही. तो पाणी राखतो आणि वाट पाहतो. मुलाला रोज सर्वांसमक्ष उभे करून "बोल, बोल" म्हणणे म्हणजे रोप उपटून मूळ पाहणे होय.

कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी या विषयाचा फार विचार केला आहे. त्यांचे म्हणणे असे, की खेळाच्या मैदानावरची बोलाचालीची भाषा परभाषिक मुलाला साधारण दोन वर्षांत येते. पण पुस्तकातली, अभ्यासाची भाषा बरोबरीच्या मुलांइतकी यायला पाच ते सात वर्षे लागतात. हे शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखे आहे. कारण होते काय, मूल मधल्या सुट्टीत फडाफडा बोलू लागले की आपण मदत काढून घेतो. मग ते इतिहासाच्या धड्यात अडले की म्हणतो, "आता तर भाषा येते, म्हणजे अभ्यासच करत नाही."

मदत करणे ही मेहरबानी आहे का, असा प्रश्न अमेरिकेत न्यायालयापुढे गेला होता. सान फ्रान्सिस्को शहरात चिनी बोलणारी सुमारे १,८०० मुले इंग्रजी शाळेत बसत, पण त्यांना भाषेची वेगळी मदत नव्हती. शाळेचे म्हणणे, आम्ही सर्वांना सारखीच पुस्तके आणि सारखेच शिक्षक देतो. १९७४ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की ज्याला भाषाच समजत नाही त्याला सारखे पुस्तक दिल्याने सारखे शिक्षण मिळत नाही. आपल्या राज्यघटनेतही १९५६ साली कलम ३५०-क घातले गेले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे ते सांगते. तेव्हा हा दयेचा विषय नाही.

मग शिक्षकाने करायचे तरी काय? आम्ही त्या वर्षी जे केले, आणि जे उपयोगी पडले, ते थोडक्यात सांगते.

पहिले, नाव. जपानात आडनाव आधी आणि नाव मागून. शाळेत आडनावापुढे "सान" किंवा "कुन" लावून हाक मारतात. शिक्षकाला नावाने हाक मारीत नाहीत, "सेन्सेई" म्हणतात, आपण गुरुजी म्हणतो तसे. आम्ही त्याच्या आईला विचारून घेतले की याला कशी हाक मारावी, आणि वर्गातल्या प्रत्येकाला ते नाव नीट उच्चारायला लावले. जिभेला जड जाते म्हणून मुलाचे नाव तोडू नये.

दुसरे, जागा. त्याला पुढे, थोडे कडेला आणले, म्हणजे फळाही दिसेल आणि मुलेही. शेजारी एक शांत सोबती दिला. पण एकाच मुलावर भार नको, म्हणून दर पंधरवड्याला सोबती बदलला.

तिसरे, गरजेची चार वाक्ये. मला लघवीला जायचे आहे. मला बरे वाटत नाही. मला समजले नाही. पुन्हा सांगा. ही चार वाक्ये कविता-गाण्यांच्या आधी शिकवावी. आणि बोलवत नसेल तर दाखवायला चार चित्रांचे कार्ड खिशात द्यावे. लहान मूल लाजेने दिवसभर कळ काढते, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

चौथे, आपले बोलणे. सावकाश बोलावे, मोठ्याने नव्हे. ओरडल्याने परकी भाषा समजत नाही. वाक्य लहान असावे, हातवारे असावेत, वस्तू दाखवावी, फळ्यावर सुटे अक्षर लिहावे. प्रश्न असा विचारावा की ज्याचे उत्तर बोटाने देता येईल. मग हो-नाहीचा. मग एका शब्दाचा. "समजलं का?" असे विचारण्याऐवजी "दाखव बरं" म्हणावे.

पाचवे, चुका. मूल चुकीचे बोलले तर तेथेच थांबवून सुधारू नये. तेच वाक्य आपण बरोबर करून सहज म्हणावे. आई तान्ह्या मुलाशी बोलते तसे.

सहावे, त्याला जे येते ते करू द्यावे. गणित, चित्रे, कागदाच्या घड्या. पण त्याचे प्रदर्शन मांडू नये. दहा जणांत जसा इतरांचा कागद भिंतीवर लागतो तसाच त्याचाही लागावा.

आणि सातवे, सर्वांत महत्त्वाचे. त्याची भाषा काढून घेऊ नये. त्या शाळेत कोणी कोणी आईला सांगितले होते, "घरीही इंग्रजीच बोला, म्हणजे लवकर येईल." आईचे इंग्रजी मोडके. ती बिचारी मुलाशी मोडके बोलू लागली, म्हणजे शाळेत मुका झालेला मुलगा घरातही मुका होऊ लागला. मी तिला सांगितले, जपानीतच बोला, गोष्टी सांगा, पुस्तके वाचून दाखवा. ज्याला आपल्या भाषेत विचार करता येतो त्याला दुसरी भाषा लवकर येते. परदेशी राहणाऱ्या जपानी मुलांसाठी पुष्कळ शहरांत शनिवारची जपानी शाळा असते, तेथे त्याचे जाणे तिने चालू ठेवले.

या बाबतीत त्सुदा उमेको यांची हकीकत सांगण्यासारखी आहे. १८७१ साली जपान सरकारने पाच मुलींना शिकायला अमेरिकेस पाठवले. त्यांतली सर्वांत धाकटी उमेको, वय अवघे सहा. वॉशिंग्टनजवळच्या एका कुटुंबाने तिला लेकीसारखे वाढवले. ती उत्तम इंग्रजी शिकली. पण १८८२ साली घरी परतली तेव्हा स्वतःची भाषा विसरली होती. आपल्याच घरच्यांशी आपल्या भाषेत बोलता येईना. सतराव्या वर्षी तिला मायबोली नव्याने शिकावी लागली. तिने पुढे १९०० साली मुलींसाठी शाळा काढली, ती आज त्सुदा विद्यापीठ म्हणून नावाजली आहे, आणि २०२४ सालापासून जपानच्या पाच हजार येनच्या नोटेवर तिचे चित्र आहे. एवढी कर्तबगार बाई! तरी त्या पहिल्या दिवसांत आईसमोर ती मुकीच होती. एक भाषा देताना दुसरी हिरावून घेतली तर मुलाची बेरीज वाढत नाही.

आणि याच्या उलट एक चित्र आपल्या घरचे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस गेल्या. न्यू जर्सीमधल्या कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातले १८८५ सालचे एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. त्यात आनंदीबाई लुगड्यात आहेत, आणि शेजारी ओकामी केई नावाची जपानी विद्यार्थिनी किमोनोत. दोघी आपापल्या वेषात परभाषेत शिकल्या आणि दोघी डॉक्टर झाल्या. शिकण्यासाठी आपले सगळे टाकून द्यावे लागत नाही, याची साक्ष ते छायाचित्र देते.

आता आमच्या मुलाचे पुढे काय झाले? फेब्रुवारीतली गोष्ट. शाळा सुटली होती. जपानी शाळांत मुले रोज आपला वर्ग आपणच झाडतात. हा तीच सवय म्हणून कागदाचे कपटे उचलत होता. एक मुलगी मागे राहिली होती. तिने कोपऱ्यातला झाडू घेतला आणि उलट्या बाजूने झाडायला लागली. हा म्हणाला, "नो. हिअर." दोनच शब्द. मी दाराशी उभी होते, पण मुद्दाम लक्ष नसल्यासारखे केले. दुसऱ्या दिवशी चार मुले झाडायला थांबली, आणि कसे झाडायचे ते तो सांगत होता. व्याकरण सगळे मोडलेले, पण सांगत होता. दोन वर्षांनी ते कुटुंब मायदेशी परत गेले.

श्रोतेहो, सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर आता देते. आपल्या गावात जपानी मूल येणार नाही, खरे. पण ऑक्टोबर-नोव्हेंबरात उसाच्या फडावर मराठवाड्यातून टोळ्या येतात, त्यांच्याबरोबर मुले येतात. वीटभट्टीवर, रस्त्याच्या कामावर हिंदी, कन्नड, तेलुगू बोलणारी मुले येतात. आणि परगावाहून यायचेच कशाला? मेळघाटातले कोरकू बोलणारे मूल, नंदुरबारकडचे पावरी बोलणारे मूल, गडचिरोलीतले गोंडी बोलणारे मूल आपल्याच गावच्या शाळेत पहिल्या दिवशी परभाषिक असते. कोरकू आणि गोंडी या तर मराठीच्या कुळातल्याही भाषा नव्हेत. त्या मुलाला पुस्तकातले "पाणी" समजत नाही आणि आपण म्हणतो, "याच्या डोक्यात शिरत नाही." त्याचे मौन आपण मंदपणा समजतो. मी समजले होते, म्हणून सांगते.

गुरुजींना माझे मागणे फार नाही. उद्या वर्गात गेलात की शेवटच्या बाकावर पाहा. तेथे असे कोणी असेल तर त्याला पुढे आणा. पाण्याला, भाकरीला, आईला त्याच्या भाषेत काय म्हणतात ते विचारा, आणि फळ्यावर मराठी शब्दाशेजारी लिहा. सगळ्या वर्गाकडून म्हणवून घ्या. त्या मुलाला त्या दिवशी एवढे कळेल की या वर्गात आपल्याला काही येते. आणि आईबापांनो, आपल्या मुलांना सांगा, नवीन आलेल्या मुलाच्या बोलण्याला हसू नका, खेळायला घ्या.

आणि कोणाच्या पाटीवर खूण करण्याआधी, आपल्या खुणेचा अर्थ त्याला ठाऊक आहे ना, एवढे एकदा विचारा.